लहान मुलांना मधमाशी शिकवताना : एका खणाचे एकोणीस दिवस

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या सीमाभागातील मराठी शाळांमधून, अंगणवाड्यांमधून किंवा घरी आपल्याच मुलांना मधमाशीविषयी प्रथमच शिकवू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी, सेविकांसाठी आणि पालकांसाठी हा लेख लिहिला आहे. पोळ्यातील एक खण, म्हणजे अळी वाढते ते मेणाचे लहानसे घर, कागदाचा मोठा करून त्यात अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास रोज थोडा थोडा दाखवावा, अशी ही पद्धत आहे. ती चार ते आठ वर्षांच्या मुलांना मानवते. तिला विकत आणण्याजोगे साहित्य जवळजवळ लागत नाही. लागतात ते सलग एकोणीस दिवस आणि रोजची दहा-पंधरा मिनिटे.

हे एकोणीस दिवस कशासाठी, ते आधी सांगितले पाहिजे. सुरुवातीची काही वर्षे मीही अंडे, अळी, कोष आणि माशी अशी चार चित्रे असलेला तक्ता भिंतीवर लावून वीस मिनिटांत जीवनचक्र संपवत असे. मुले चारही नावे घडाघडा म्हणत आणि मला पाठ झाल्याचे समाधान वाटे. एकदा पहिलीतील एका मुलीने विचारले, ‘बाई, सकाळची अळी आता दुपारी माशी झाली काय?’ तिची काहीच चूक नव्हती. चार चित्रे शेजारी शेजारी लावली की त्यांच्यामधला काळ पुसला जातो, आणि जीवनचक्रात मुलांनी समजून घ्यावी अशी गोष्ट तर तो काळच आहे. त्या दिवसापासून मी माशी जितके दिवस घेते तितकेच दिवस घेऊन हा विषय शिकवू लागले.

आपल्या परिसरातील माश्या आधी ओळखून घ्याव्यात

शिकवणाऱ्याने पहिले दोन-तीन दिवस स्वतःसाठी राखून ठेवावेत आणि गावात कोठे कोणती मोहोळे आहेत याची माहिती काढावी. आपल्याकडे प्रामुख्याने चार प्रकारच्या माश्या आढळतात. आग्या माशी सर्वांत मोठी असते आणि उंच झाडाच्या फांदीला, पाण्याच्या टाकीखाली किंवा मोठ्या इमारतीच्या सज्जाखाली एकच रुंद पोळे उघड्यावर लटकवते. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, वारुळाच्या पोकळीत किंवा जुन्या भिंतीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. मधपेटीत पाळली जाणारी आपली देशी माशी हीच. फुलोरी माशी लहानखुरी असते आणि झुडपाच्या बारीक फांदीभोवती तळहाताएवढे पोळे बांधते. चौथी पोया माशी. ती डासाहून फार मोठी नसते, तिला दंश करता येत नाही आणि भिंतीच्या भेगेतून बाहेर आलेल्या मेणाच्या नळीवरून तिचे घर ओळखता येते.

आपल्या वर्गातील बरीच मुले घरी मराठी आणि अंगणात कन्नड बोलतात. त्यांच्यासाठी ही नावे दोन्ही भाषांत फळ्यावर लिहावीत: आग्याला हेज्जेनु, सातेरीला तुडुवे, फुलोरीला कोलजेनु आणि पोयाला मुजंटी. कन्नडमध्ये ‘जेनु’ हा शब्द माशीलाही चालतो आणि मधालाही. मधाला ‘जेनुतुप्प’ म्हणतात, म्हणजे शब्दशः माशीचे तूप. हा शब्द मुलांना फार आवडतो. एखाद्या मुलाची आजी आणखी वेगळे नाव सांगत असेल, तर तेही त्याच फळ्यावर लिहावे.

याच वेळी गांधीलमाशी आणि कुंभारीण यांचाही निकाल लावून टाकावा, कारण मुलांनी घराच्या भिंतीवर मातीची घरटी पाहिलेली असतात आणि तीही मधमाशीचीच असे त्यांना वाटते. मधमाशीचे अंग केसाळ असते आणि कंबर तितकीशी बारीक दिसत नाही. गांधीलमाशी गुळगुळीत, चकचकीत आणि दोऱ्यासारख्या कमरेची असते. मध साठवते ती मधमाशी.

सुरक्षिततेच्या गोष्टी, ज्यांत सवलत नाही

पालकांना आधी चिठ्ठी पाठवून विचारावे की, मुलाला पूर्वी कधी माशी चावून अंगभर पित्त उठणे, चेहरा सुजणे किंवा धाप लागणे असा त्रास झाला आहे काय. तसे असेल, तर त्या मुलाला बाहेरच्या निरीक्षणाला नेऊ नये; त्याला वर्गातील खणाचे काम मुख्य म्हणून द्यावे, म्हणजे त्याला वगळल्यासारखे वाटणार नाही.

आग्यामोहोळाखाली मुलांना कधीही नेऊ नये, दुरून दाखवण्यासाठीसुद्धा नाही. दगड मारणे, धूर करणे किंवा फटाके वाजवणे यांमुळे आग्या माश्या थव्याने मागे लागतात, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे. तसे घडलेच, तर हात न झटकता, दोन्ही हातांनी तोंड झाकून जवळच्या बंद खोलीत पळावे, एवढी एकच सूचना द्यावी आणि ती दोन-तीनदा प्रत्यक्ष करून घ्यावी. आग्या माश्यांच्या वसाहती फुलोऱ्यानुसार जागा बदलतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर बहुतेक ठिकाणांहून निघून जातात. त्यामुळे शाळेच्या इमारतीवर मोहोळ असेल, तर घाईघाईने जाळण्याऐवजी ते उठेपर्यंत तेवढा भाग मुलांसाठी बंद ठेवणे हाच बहुतेक वेळा शहाणपणाचा मार्ग असतो.

माशी चावलीच, तर काटा त्वचेत राहतो आणि त्याला जोडलेल्या पिशवीतून विष आत उतरत राहते. म्हणून काटा नखाने खरवडून शक्य तितक्या लवकर काढावा, जागा साबणाने धुवावी आणि थंड पाण्याची पट्टी ठेवावी. चावलेल्या जागेचा वास इतर माश्यांना चिथावतो. त्यामुळे मुलाला तेथून दूर न्यावे. ओठ किंवा डोळे सुजू लागले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर फोन करून दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट, विशेषतः अंगणवाडीसाठी. आपल्याकडे तान्ह्या बाळाला मध चाटवण्याची रीत आहे. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये. मधात काही वेळा असे जिवाणूबीज असते की जे मोठ्यांना बाधत नाही, पण बाळाच्या आतड्यात वाढून बाळाला गंभीर आजारी करू शकते. मधाविषयी शिकवताना मुलांच्या आयांपर्यंत ही माहिती पोहोचवण्याची संधी सोडू नये.

कोणत्या महिन्यात सुरू करावे

जागतिक मधमाशी दिन २० मे रोजी असतो, परंतु तेव्हा आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. जून ते सप्टेंबर या काळात जांबोटी-कणकुंबीकडे तर पाऊस इतका कोसळतो की माश्या बाहेर फारशा पडतच नाहीत. म्हणून दसऱ्याची सुट्टी संपल्यानंतरचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. शेतात कारळा आणि सूर्यफूल फुललेले असते, दारात झेंडू असतो आणि अंगणातल्या तुळशीला मंजिऱ्या आलेल्या असतात. हा मुहूर्त चुकला, तर आंबा-काजूचा मोहर येईपर्यंत थांबावे.

सुरुवात सोमवारी करावी. सोमवार हा पहिला दिवस धरला, तर एकोणिसावा दिवस तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी येतो आणि सगळा वर्ग हजर असताना माशी बाहेर पडते. नलि-कलीच्या, म्हणजे कर्नाटकातील कृतीतून शिकवण्याच्या पद्धतीच्या, वर्गात पहिली ते तिसरीची मुले एकत्र बसतात, तेथे तर हे काम फारच चांगले चालते, कारण तिसरीची मुले मोजमाप करतात आणि लहान मुले रोजची निगा राखतात.

आदल्या आठवड्यात : तुळशीजवळ बसणे

खणाचे काम सुरू करण्यापूर्वी मुलांनी खरी माशी शांतपणे पाहिलेली असली पाहिजे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, ऊन चढू लागल्यावर, पाच-सहा मुलांना तुळशीपासून दोन हात अंतरावर बसवावे. हात गुडघ्यांवर, आवाज बंद, नजर एकाच मंजिरीवर. फुलावर आलेली माशी आपल्या कामात गुंतलेली असते आणि तिला दाबले किंवा पकडले नाही तर ती सहसा चावत नाही. हे ऐकून पटत नाही, बसून पटते. बोलण्यापेक्षा एकेक प्रश्न द्यावा आणि उत्तर शोधायला सोडून द्यावे. पाय किती आहेत? सहा. पंख किती? चार, पण पुढचा आणि मागचा पंख बारीक आकड्यांनी जोडलेले असल्यामुळे दोनच वाटतात. मागच्या पायांवर पिवळे काय चिकटले आहे? तो पराग, जो ती घरी नेते. डोळे किती, या प्रश्नाला सगळी मुले दोन म्हणतात; मग सांगावे की दोन मोठे आणि कपाळावर तीन बारीक असे पाच.

रसवंतीवर किंवा गुऱ्हाळात घोंगावणाऱ्या माश्या दाखवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. तेथे गर्दी असते, माश्या पेल्यात पडतात आणि घाईत तोंडात जाण्याची भीती असते.

खण बांधणे

सातेरीच्या पोळ्यातील कामकरी माशीचा खण सुमारे अर्धा सेंटिमीटर रुंद आणि सुमारे एक सेंटिमीटर खोल असतो. आपण तो दहापट मोठा करावयाचा आहे. जाड कागदाची १९ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद पट्टी कापावी, तिच्यावर तीन-तीन सेंटिमीटरवर सहा घड्या घालाव्यात आणि उरलेला एक सेंटिमीटर चिकटवण्यासाठी वापरावा. मिळाला सहा बाजूंचा खण. प्रत्येक गटाचा एक, असे सात खण करावेत. मध्ये एक आणि भोवती सहा ठेवले की एकही फट राहत नाही. हे करण्यापूर्वी सारख्या मापाच्या सात बांगड्या जमिनीवर तशाच मांडून दाखवाव्यात. बांगड्यांच्या मधे फटी राहतात, खणांच्या मधे राहत नाहीत, आणि शेजारच्या दोन खणांना मिळून एकच भिंत पुरते, हे दोन्ही मिळून मुलांना सहा बाजूंचे कारण समजते. मेण माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून पापुद्र्यासारखे निघते आणि ते तयार करायला तिला पुष्कळ मध खावा लागतो. त्यामुळे भिंत वाचवणे म्हणजे अन्न वाचवणे.

खण उभे ठेवू नयेत, पुठ्ठ्यावर आडवे लावावेत. पोळे वरून खाली लोंबते आणि त्यातील खण दोन्ही बाजूंना आडवे, तोंडाकडे किंचित वर कललेले असतात. कुंडीसारखे उभे खण दाखवणारी चित्रे पुष्कळ आढळतात. तशीच गवताच्या उलट्या टोपलीसारखी मोहोळाची चित्रेही सर्वत्र दिसतात. ती टोपली परक्या मुलखातील जुनी पद्धत आहे. आपल्या मुलांनी करंजाच्या फांदीवर लटकलेले किंवा जांभळाच्या ढोलीत दडलेले मोहोळ पाहिलेले असते, तेच त्यांना काढू द्यावे.

पहिला ते तिसरा दिवस : अंडे

सोमवारी प्रत्येक खणाच्या तळाशी कापसाच्या वातीचा दीड सेंटिमीटरचा तुकडा खळीने उभा चिकटवावा. खरे अंडे याच्या दहाव्या हिश्श्याएवढे, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर लांब असते. वहीवर पेन्सिलीने तेवढी रेघ ओढून दाखवावी. मंगळवारी वात थोडी कलती करावी आणि बुधवारी तळावर आडवी करावी, कारण खरे अंडेही असेच हळूहळू कलते, असे मधपाळ सांगतात आणि त्यावरूनच ते अंड्याचे वय ओळखतात. या तीन दिवसांत बाकी काहीच घडत नाही. मुले कंटाळून ‘आज काय झालं?’ असे विचारतील. ‘आज वात कलली’ एवढेच उत्तर द्यावे.

अंडी कोण घालते, हा प्रश्न येथेच निघतो. राणी माशी. लगेच दुसरा प्रश्न येतो की मग राजा कोण. मोहोळाला राजा नसतो, आणि राणी हुकूमही सोडत नाही. अंडी घालणे हेच तिचे काम. मोहोळातील हजारो माश्यांपैकी जवळजवळ सगळ्या कामकरी असतात आणि त्या सर्व माद्या असतात. नर थोडे असतात, फुलांवर कामाला जात नाहीत आणि त्यांना काटा नसतो. चित्रपटांतून आणि गोष्टींतून कामकरी माशीला पुष्कळदा मुलगा केलेले असते. ही चूक पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करावी, म्हणजे ती पुढे टिकत नाही.

चौथा ते आठवा दिवस : अळी

गुरुवारी वात काढून तिच्या जागी कापूस खळीत भिजवून वळलेली, चंद्रकोरीसारखी वाकलेली बारीक अळी ठेवावी. शुक्रवारी ती दुप्पट, शनिवारी त्याहून मोठी, आणि दुसऱ्या सोमवारपर्यंत खणाचा तळ भरून टाकणारी. खऱ्या अळीचे वजन या चार-पाच दिवसांत हजारपटीहून अधिक वाढते. हा आकडा मुलांना कळत नाही, म्हणून मी एक शेंगदाणा हातात देते आणि म्हणते की हा शेंगदाणा पाच दिवसांत शेंगदाण्यांची शिगोशीग टोपली झाला असे समजा.

अळीला पाय नसतात, डोळे नसतात, ती अन्न शोधायला जाऊ शकत नाही. दाया माश्या दिवसातून शेकडो वेळा तिच्या खणात डोकावतात आणि तिला भरवतात. गटातील मुलांनी आळीपाळीने दाई व्हावे आणि दर तासाला खणात डोकावून यावे. पहिले तीन दिवस, म्हणजे गुरुवार ते शनिवार, खणाच्या भिंतीवर पांढरा ठिपका द्यावा. हे दाया माश्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून येणारे दुधासारखे अन्न. रविवारपासून पिवळा ठिपका, म्हणजे पराग आणि मध यांचे मिश्रण.

रविवार हा सातवा दिवस, आणि अळीच्या भुकेचा कळस याच वेळी असतो. म्हणून शनिवारी शाळा सुटताना प्रत्येक गटातील एका मुलाने खण घरी न्यावा आणि रविवारी भरवून सोमवारी परत आणावा. यासाठी खण पुठ्ठ्यावर कायमचे न चिकटवता टाचणीने लावावेत. एका मुलाचे वडील मला म्हणाले होते की लेकाने रविवारी जेवण्याआधी अळीला ठिपका दिला आणि मगच ताट घेतले. पाठ चालू आहे याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

राणी कशी होते, हे याच आठवड्यात सांगावे. कामकरी माशी आणि राणी एकाच प्रकारच्या अंड्यातून होतात. ज्या अळीला शेवटपर्यंत भरपूर राजान्न, म्हणजे दाया माश्यांचे ते दुधासारखे अन्न, मिळते आणि जिच्यासाठी शेंगदाण्याच्या शेंगेसारखा लोंबता मोठा खण बांधला जातो, ती राणी होते. तिला बाहेर यायला सुमारे सोळा दिवस पुरतात. आठव्या वर्षाच्या आतल्या मुलांना नराच्या जन्माविषयी अधिक खोलात सांगण्याची गरज नाही. त्याला सर्वांत जास्त दिवस लागतात, एवढे पुरे.

नववा ते एकोणिसावा दिवस : बंद झाकण

मंगळवारी अळी खणात लांब ताणून, डोके तोंडाकडे करून ठेवावी आणि तपकिरी कागदाने खणाचे तोंड बंद करावे. खऱ्या पोळ्यात कामकरी माश्या मेणाचे झाकण लावतात आणि आत अळी स्वतःभोवती रेशमासारखा कोष विणते. आता अकरा दिवस हे झाकण उघडायचे नाही.

या पाठाचा गाभा हाच आहे, आणि नवशिक्या शिक्षकाचा धीर सुटतो तोही येथेच. मुले विनवण्या करतात, एखादे मूल झाकणाला भोक पाडते. तेव्हा रागावू नये. ‘दाया माश्या येऊन झाकण दुरुस्त करतील’ असे म्हणून त्याच मुलाकडून कागद लावून घ्यावा. रोज सकाळी फक्त आतली बातमी द्यावी. आज कोष विणून झाला. आज अळीची कात गळली आणि डोके, छाती, पोट वेगळे दिसू लागले. आज सगळे अंग पांढरे आहे, डोळेही पांढरे आहेत. आज डोळे गुलाबी झाले. आज डोळे जांभळट झाले, आज तपकिरी. आज अंगावर रंग चढू लागला. बातमी ऐकून मुलांनी वहीत आपल्या मनातले चित्र काढावे. न दिसणारी गोष्ट काढताना मुले जितका विचार करतात, तितका तक्ता उतरवताना करत नाहीत. आकृती चुकली तरी दुरुस्त करू नये.

याच दिवसांत मोहोळाच्या उबेविषयी सांगता येते. पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, असलेल्या भागाचे तापमान माश्या ३४ ते ३५ अंशांच्या आसपास राखतात. थंडी पडली की त्या पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतात आणि ऊब तयार करतात. उन्हाळ्यात पाणी आणून शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. पहाटेच्या गारठ्यात शाळेला येणाऱ्या मुलांना हे लगेच समजते. एकमेकांना चिकटून उभे राहून थरथरायला सांगावे. दोन मिनिटांत सगळ्यांना ऊब येते.

अठराव्या दिवशी, म्हणजे तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी संध्याकाळी, मुले गेल्यावर, प्रत्येक खणातील कापसाची अळी काढून तेथे माशी ठेवावी. काळ्या-पिवळ्या लोकरीची, सहा काळ्या दोऱ्यांचे पाय आणि पातळ प्लॅस्टिकच्या चार पंखांची माशी पुरते. शुक्रवारी सकाळी झाकण शिक्षकाने फाडू नये. माशी आपले झाकण स्वतः आतून कुरतडून बाहेर येते, म्हणून मुलांनी बोटाच्या टोकाने आतून ढकलल्यासारखे, कडेने थोडे थोडे टोकरत झाकण उघडावे. त्या वेळी वर्गात जी शांतता पसरते, ती मी कधी सांगून मिळवलेली नाही.

सातेरीला अंड्यापासून माशी व्हायला १८ ते २० दिवस लागतात. परदेशातून आणलेल्या मेलिफेरा माशीला २१. पुस्तकात २१ दिवस छापलेले आढळले, तर ते मेलिफेराचे आहेत हे ध्यानात ठेवावे आणि गोंधळून जाऊ नये.

बाहेर आल्यावर

नव्या माशीचे पहिले काम म्हणजे खण साफ करणे, ज्यात तिचा स्वतःचा खणही येतो. पुढे ती दाई होते, मग मेण गाळून घर बांधते, मग दारावर पहारा देते आणि साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर फुलांवर जाऊ लागते. म्हणजे तुळशीवर आपण पाहिलेली माशी ही मोहोळातील वडीलधारी माशी होती. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत गटांना ही कामे वाटून द्यावीत: एक गट वर्ग झाडेल, एक लहानांना पाणी देईल, एक दारात उभा राहील. कामाच्या हंगामात कामकरी माशी सुमारे सहा आठवडे जगते. ‘मग ती मरते काय?’ या प्रश्नाला ‘हो’ असेच उत्तर द्यावे, आणि पोळ्यात तेव्हा दुसरे खण उघडत असतात हेही सांगावे. माणसाला चावल्यावर तिचा काटा तुटून राहतो आणि ती मरते. हे ऐकल्यावर मुले तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

मध कसा होतो, हे आपल्या भागातील मुलांना समजावणे फार सोपे आहे. निपाणी-संकेश्वरकडच्या मुलाने गुऱ्हाळ पाहिलेले असतेच. उसाचा रस काहिलीत आटतो, त्यातले पाणी उडते, काकवी होते, मग गूळ होतो. फुलातील मकरंदही पाण्यासारखा पातळ असतो. माशी तो पोटातल्या वेगळ्या मधाच्या पिशवीत भरून आणते, त्यात आपले पाचक रस मिसळते, आणि मग सगळ्या मिळून पंखांनी वारा घालून त्यातले पाणी उडवतात. पाणी पाचव्या हिश्श्याच्या आसपास उरले की मध पिकला म्हणून खणाला झाकण लावतात. विस्तव न पेटवता चालणारे हे गुऱ्हाळ आहे. ‘मध म्हणजे माशीची ओकारी’ असे एखादे मोठे मूल म्हणालेच, तर ती पिशवी अन्न पचवणाऱ्या पोटाहून वेगळी असते, हे शांतपणे सांगावे.

फुले कोठे आहेत हे माशी घरच्यांना नाचून सांगते. हा नाच उलगडून दाखवणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मैदानावर हा खेळ असा घ्यावा: एका मुलाला लपवलेले झेंडूचे फूल दाखवावे, त्याने न बोलता, फुलाच्या दिशेने कंबर हलवत सरळ चालावे आणि वळून परत यावे, पुन्हा तसेच. फूल लांब असेल तर कंबर हलवत जास्त वेळ चालावे. बाकीच्यांनी फूल शोधावे. सातेरी उभ्या पोळ्यावर अंधारात नाचते आणि सूर्याची दिशा म्हणजे वर, असे मानून कोन दाखवते. फुलोरी मात्र पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचून थेट फुलाकडेच रोख धरते. त्यामुळे मुलांचा हा खेळ फुलोरीचा नाच म्हणून घ्यावा, म्हणजे तो खोटा ठरत नाही.

परसातील भोपळा

ज्यांच्या परसात लाल भोपळ्याचा वेल फुलत असेल, त्यांच्या घरी एक शेवटचा प्रयोग करता येतो. मादी फुलाच्या बुडाशी बारीक भोपळा असतो, नर फुलाला नुसता देठ असतो. हा फरक आधी शोधू द्यावा. दुसऱ्या दिवशी उमलणार असलेली दोन मादी फुले संध्याकाळीच निवडून त्यांतील एकावर मलमलीची पिशवी सैल बांधावी आणि दुसरे मोकळे सोडावे. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि त्याच दिवशी मिटते, त्यामुळे पिशवी आदल्या संध्याकाळीच बांधलेली हवी. आठवडाभरात झाकलेल्या फुलाचा बारीक भोपळा पिवळा पडून गळतो. माशी पोहोचलेला बहुधा वाढू लागतो. एकाच जोडीवर विसंबू नये, तीन-चार जोड्या कराव्यात, कारण मोकळे फूलही कधी कधी धरत नाही. वेलावर औषध मारायचे असेल, तर ते फुले मिटल्यावर, संध्याकाळी मारावे, असे मुलांनीच घरी सांगावे. त्यांचे ऐकले जाते, हा माझा अनुभव आहे.

कागदी खण सांभाळून ठेवावेत, ते दोन-तीन वर्षे टिकतात. कापसाच्या अळ्या मात्र खळीमुळे झुरळे आणि मुंग्या खातात, म्हणून त्या दर वर्षी नव्या कराव्यात, आणि त्या वळण्याचे काम मागच्या वर्षी दाई झालेल्या मुलांना द्यावे.